डावीकडे वळलं की वाजतो

त्या दिवशी सियांतार गावात एक बेचाक, म्हणजे मोटरसायकलची रिक्षा, सकाळपासून फक्त उजवीकडे वळत होती. कारण डावीकडे वळलं की तिचा हॉर्न आपोआप बोंब ठोकायचा आणि हँडल सरळ केल्याशिवाय गप्प बसायचा नाही. एकदा चर्चसमोर, एकदा एका प्रेतयात्रेच्या मागे अशी दोनदा शोभा झाल्यावर बेचाकवालीनं ठरवून टाकलं, की आज डावी बाजू आपल्यासाठी नाहीच. बाजारातून बसस्टँडकडे जायला सरळ रस्ता असताना ती अख्ख्या गावाला वळसा घालून गेली. साइडकारमध्ये बसलेल्या बाईंनी मांडीवरची कोंबड्यांची टोपली सावरत विचारलंही, "अगं, आपण सहलीला निघालोय का?"

पण तोगारचं गॅरेज नेमकं डाव्या हाताच्या गल्लीत होतं. तिथे जायचं तर वळण्यावाचून इलाज नव्हता.

त्यामुळे तोगारला ती आधी ऐकू आली आणि मग दिसली. गल्लीतली कुत्री उठून भुंकायला लागली, समोरच्या कॉफीवाल्यानं कानात बोटं घातली, आणि जुन्या बीएसए मोटरसायकलला साइडकार जोडलेली एक लालभडक बेचाक केकाटत दारात येऊन थडकली.

"हे बंद करा!" ती ओरडली.

"काय?"

"हॉर्न! हॉर्न!"

"मग हँडल सरळ करा की!"

"सरळ केलं तर भिंतीत जाईन!"

तोगार धावत गेला, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि गाडी मागे ढकलत सरळ केली. एकदम शांतता झाली. एवढी, की टपरीच्या पत्र्यावरून ओघळणारं पावसाचं पाणी ऐकू यायला लागलं. तिच्या अंगात बापाचं असावं असं एक मोठालं कातडी जाकीट होतं, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गालावर ग्रीसचा काळा ओघळ. आणि डोळे… त्या डोळ्यांत राग होता, पण रागाच्या मागे हसू अगदी दाराआड उभं होतं.

"गाडी वाजते, की तुम्ही वाजवता?" तोगारनं विचारलं.

"मी वाजवते तेव्हा वाजत नाही. तिच्या मनात येतं तेव्हा वाजते." तिनं केसांतलं पाणी झटकलं. "आमच्या घरात सगळे असेच आहेत."

तोगारचं जे काय व्हायचं ते तिथेच, त्या वाक्याला झालं. इतकी वर्षं बाताम बेटावरच्या कारखान्यात त्यानं सर्किटं जोडली होती, मुलींच्या रांगेत बसून जोडली होती; पण असं काही झालं नव्हतं. वडील गेल्यावर गॅरेज सांभाळायला तो नुकता परत आला होता, आणि बेचाकवाले अजून त्याला 'बातामकर' म्हणून चिडवत होते.

वायर कुठे घासतेय ते बघायला तो गाडीला वळसा घालून मागे गेला, आणि तिथेच थबकला. साइडकारच्या पाठीवर पिवळ्या रंगात, वीतभर उंचीची अक्षरं होती: पांजाईतान.

तोगारचं स्वतःचं कूळ पांजाईतान.

आता इथल्या बताक लोकांत माणसाला नाव नंतर विचारतात, कूळ आधी. एका कुळाची माणसं म्हणजे भावंडं, मग ती जन्मात एकमेकांना भेटलेली नसोत. अशा दोघांच्या लग्नाची गोष्ट कुणी थट्टेतसुद्धा काढत नाही. पाच मिनिटांपूर्वी ज्या मुलीला बघून तोगारच्या छातीत धडधडलं होतं, ती त्याची बहीण निघाली होती. विचारायचीही सोय राहिली नव्हती, कारण उत्तर रंगवून ठेवलेलं होतं.

"मी लास्मा," ती मागून म्हणाली. "आणि तुमचं कूळ कोणतं?"

"पांजाईतान," तो कसाबसा म्हणाला.

ती खळखळून हसली. "खरंच? म्हणजे गाडी बरोबर स्वतःच्या घरी आली म्हणायची!"

तोगारही हसला. त्या हसण्याला त्याला केवढे कष्ट पडले ते त्याचं त्याला ठाऊक. मग स्टूल पुढे सरकवत तो म्हणाला, "बसा, इतो." इतो ही भाऊ-बहिणीची हाक. अनोळखी बाईलाही पुरुष तशी हाक मारतात, पण तोगारनं ती अगदी मनाला बजावून मारली.

आपोआप वाजण्याचं दुखणं सोपं होतं. हॉर्नची वायर हेडलाइटच्या मागे, गाडीच्या मानेपाशी घासून उघडी पडली होती; हँडल डावीकडे गेलं की ती लोखंडाला टेकायची आणि हॉर्न सुरू. तिला त्यानं लगेच नवी रबरी नळी चढवून टाकली. खरं दुखणं हँडलवरच्या स्विचचं होतं. हॉर्नचं बटण आणि हेडलाइट वर-खाली करायची दांडी, दोन्ही एकाच काळ्या डबीत. त्यानं ती उघडली तर आतली पितळी पत्ती तुटलेली, स्प्रिंग गंजून भुगा, आणि डबीला आरपार तडा.

"नवा बसवा," लास्मा म्हणाली.

"ह्याचा नवा आता मिळत नाही. आपल्या आज्यांच्या काळातला माल आहे. कुठल्या तरी मेलेल्या गाडीवरून जिवंत स्विच शोधावा लागेल."

"मग तोवर मी काय तोंडानं पॉं-पॉं करू?"

तोगारनं फळीवरचा डबा धुंडाळला, आणि दाराच्या बेलचं एक पांढरं बटण तिच्या हँडलला चिकटपट्टीनं बांधून दिलं. तिनं दाबलं. हॉर्न वाजला. तिनं परत दाबलं, आणि तोगारकडे बघून असं काही हसली, की त्यानं घाईघाईनं पाने पुसायला घेतले. धुतलेलेच पाने होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

"अहो बातामकर, तुमच्या बेलनं माझी पार लाज घालवली. प्रत्येक प्रवासी म्हणतो, बाई, दार उघड, कोण आलंय बघ!"

"बघितलं का मग?"

"काय?"

"कोण आलंय ते."

बोलून गेल्यावर तोगारनं जीभ चावली. लास्मानं मात्र मान जराशी कलती करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बघतेय… अजून दार नीट उघडत नाही."

मग ती येतच राहिली. दुपारी, प्रवासी नसायचे तेव्हा. कधी बेल सैल झाली म्हणून, कधी हेडलाइट डोळे वटारून बघतो म्हणून. केळीच्या पानात बांधलेले गूळ-तांदळाचे गरम ओम्बुस-ओम्बुस घेऊन यायची, आणि एक फुंकर मारत तोगारच्या हातावर ठेवायची. बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बेचाक तीच चालवत होती. घरी पोचताना गल्लीच्या तोंडाशी ती दोनदा हॉर्न द्यायची, म्हणजे बाबा चुलीवर भात गरम करायला ठेवायचे. "बेल वाजवली तर उठतच नाहीत," ती सांगायची. "हॉर्न तोच आहे हो, पण म्हणतात, तू दाबतेस ते कळत नाही. आधी त्या दाबण्यात वजन होतं. काय करायचं अशा माणसाचं?"

तोगार ऐकत बसायचा. ऐकता ऐकता तिच्या हातांकडे बघायचा. आणि मग साइडकारच्या पाठीकडे. पिवळी अक्षरं जागची हलत नव्हती.

खरं सांगायचं तर स्विच त्यानं मनापासून शोधलाच नव्हता. शोधला असता तर मिळाला असता, मिळाला असता तर बसवला असता, आणि बसवला असता तर तिला यायला कारण उरलं नसतं. बहिणीची वाट कुणी अशी बघत नाही, हे कळत होतं त्याला. म्हणून तर स्वतःचीच शरम वाटत होती.

त्यात संध्याकाळी आई बाजारातलं मासळीचं दुकान आवरून आली की रोजचं सुरू व्हायचं. "बातामहून आलास, आता तरी मनावर घे. माझ्या माहेरच्या मानुरुंगांत काय मुली नाहीत? मामाची मुलगी म्हणजे हक्काची मुलगी. नाही म्हणायची कुणाची टाप आहे?"

"बघू गं, आई."

"काय बघू? कुणी मनात आहे का?"

"नाही," तोगार म्हणायचा आणि ताटातल्या माशाचे काटे उगाच मोजून बाजूला ठेवायचा.

एके दुपारी ती हँडल धरून उभी होती आणि तो बेलची वायर पुन्हा झाळत होता. झाळणीचा धूर वर आला, तशी तिनं त्याच्या डोळ्यांपुढे हात धरला. नुसता आडवा हात. तळवा त्याच्या कपाळाला टेकला आणि तिथेच राहिला. दोघंही हलले नाहीत. पावसाची सर आली होती, गल्ली रिकामी होती…

तोगार झटकन मागे सरला.

"इतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. स्विच मिळाला की मी निरोप धाडीन."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. तुझं नाही… कुणाचंच नाही."

"मग?"

त्यानं झाळणी उचलून फळीवर ठेवली. तिनं जाकिटाची बाही खाली ओढून घेतली आणि गाडीला किक मारली. गल्लीच्या टोकाला ती उजवीकडे वळली. तिचं घर डावीकडे होतं.

त्यानंतर ती आली नाही. कॉफीवाला एकदा म्हणाला, "हल्ली फार शांतता आहे रे," आणि तोगारनं त्याच्यावर विनाकारण डाफरून घेतलं.

मग मात्र तो हात धुऊन त्या स्विचच्या मागे लागला. निदान एवढं तरी तिच्यासाठी नीट करावं. भंगारवाले झाले, जुने मेकॅनिक झाले, आणि शेवटी एका ट्रकवाल्यानं सांगितलं, की सिदामानिकच्या चहाच्या मळ्यात एक म्हातारा राखणदार आहे, त्याच्या पडवीत बीएसएचा सांगाडा वर्षानुवर्षं पडलाय. पण म्हातारा विक्षिप्त. भाग काढून हातात देत नाही. म्हणतो, ज्या गाडीला लावायचाय ती गाडी आणा, मला दाखवा.

तोगारनं निरोप धाडला. ती आली ती चेहऱ्यावर कुलूप लावून.

"मी फक्त गाडीसाठी आलेय," ती म्हणाली.

"हो."

"बसा साइडकारमध्ये. आणि बोलू नका."

सगळा चढ ते बोलले नाहीत. दोन्ही बाजूंना चहाचे हिरवे वाफे, मधून धुक्याच्या चिंध्या, आणि वर भुरभुर पाऊस. साइडकारला टप होता, तिच्या डोक्यावर काही नव्हतं. तोगारनं आपली छत्री उघडली आणि साइडकारमधून हात लांब करून तिच्यावर धरली. वाऱ्यानं छत्री उलटी झाली. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं, पण ओठाचा एक कोपरा हललेला त्यानं पाहिला.

राखणदार म्हातारा पडवीत पान चघळत बसला होता. खांद्यावर विणलेली शाल, तोंडात मोजून चार दात. त्यानं आधी गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनावर हात ठेवून ते अजून गरम आहे ना ते बघितलं, आणि समाधान झाल्यावर चटईकडे बोट दाखवलं.

"बसा. कामाचं नंतर. आधी कोण कुठले ते सांगा. पोरा, तुझं कूळ?"

"पांजाईतान, ओप्पुंग." आजोबांना असंच म्हणायचं.

"आणि पोरी, तुझं?"

"मानुरुंग," लास्मा म्हणाली.

 तोगारनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग दारातल्या गाडीकडे. मग परत तिच्याकडे.

"काय म्हणालीस?"

"मानुरुंग. का? ऐकू येत नाही?"

"मग… मग गाडीवर पांजाईतान का लिहिलंय?"

"ज्या म्हाताऱ्याकडून बाबांनी गाडी घेतली तो पांजाईतान होता म्हणून! बाबा ते पुसू देत नाहीत. म्हणतात, गाडीला त्या नावाची सवय झालीय, पुसलं तर रुसून बसेल. सगळ्या बेचाकवाल्यांना ठाऊक आहे. गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे!"

"मला नव्हतं ठाऊक," तोगार म्हणाला. "मी बातामला होतो."

लास्माचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जागेवर बसत होती, आणि ती बसताना तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. बसा, इतो. येऊ नकोस, इतो. कुणाचंच चुकलं नाही, इतो…

"थांबा. म्हणजे तुम्ही गाडीवरचं नाव वाचलंत… आणि मला बहीण करून टाकलंत?"

"तू म्हणालीस, गाडी स्वतःच्या घरी आली म्हणून—"

"गाडी! गाडी म्हणाले मी! मी कुठे म्हणाले मी आले म्हणून?" तिचा आवाज चढला. "एक प्रश्न विचारायला काय झालं होतं? आपल्याकडे रस्त्यात धक्का लागला तरी माणूस आधी कूळ विचारतो! आणि मी इकडे रोज आरशात बघतेय, की माझ्यात असं काय कमी आहे, म्हणून हा माणूस…"

 जे बोलून झालं ते परत घेता येत नव्हतं. गालांवर लाली चढत कानांपर्यंत गेली.

म्हातारा पान एका गालातून दुसऱ्या गालात सारत हे सगळं रस घेऊन बघत होता. आता त्यानं बोट वर केलं.

"पोरा, तुझी आई कोणत्या कुळातली?"

तोगारनं लास्माकडे पाहिलं. "मानुरुंग."

"हिच्या बापाला ती काय म्हणेल? काका की भाऊ?" म्हाताऱ्यानं तिच्या बाबांचं गाव विचारलं, आजोबांचं विचारलं, बोटांच्या पेरांवर पिढ्या चढला आणि उतरला. "भाऊच म्हणेल. म्हणजे ही तुझ्या मामाची मुलगी लागते रे, गाढवा! माणसं अशी मुलगी शोधायला अख्खा मुलूख पालथा घालतात. तुझ्या दारात ती हॉर्न वाजवत आली, आणि तू तिला बहीण म्हणतोस?" एवढं बोलून त्याला इतकं हसू आलं, की पानाचा ठसका लागला. तो पाणी प्यायला आत गेला, आणि मुद्दामच असेल, बराच वेळ आतच राहिला.

पडवीत ते दोघंच उरले.

"लास्मा," तोगार म्हणाला. इतो नाही, लास्मा. पहिल्यांदाच. "तुझ्यात काहीच कमी नाही. तू पहिल्या दिवशी गाडी भिंतीत घालत होतीस ना, तेव्हापासून… मी स्विच शोधतच नव्हतो. मिळाला तर तू यायची थांबशील म्हणून."

"आणि तूच यायला बंदी केलीस."

तिच्या तोंडी तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"तू कपाळावर हात ठेवलास," तो म्हणाला. "मग माझ्यानं भाऊ होववेना."

 ओल्या बाहीतून लास्मानं हात बाहेर काढला, आणि त्याच्या कपाळावर ठेवला. तिथेच, आधी ठेवला होता तिथे. ह्या वेळी तोगार मागे सरला नाही.

सांगाड्यावरचा स्विच धुळीत माखला होता, पण डबी अखंड होती आणि पितळी पत्ती घासल्यावर पिवळीधमक निघाली. स्प्रिंग तोगारनं खिशातल्या पेनमधली घातली. म्हाताऱ्यानं बटण स्वतः एकदा दाबून पाहिलं, हॉर्न घुमला तशी डोळे मिटून मान डोलावली, आणि काही घ्यायचं नाकारलं. फक्त म्हणाला, "लग्नाला गाडी घेऊन मला न्यायला या." बेलचं पांढरं बटण लास्मानं जाकिटाच्या खिशात टाकलं. ते कशाला हवंय, असं तोगारनं विचारलं नाही.

निघताना तो साइडकारच्या मागे उभा राहून त्या पिवळ्या अक्षरांकडे बघत होता. ह्याच अक्षरांनी त्याला किती छळलं होतं.

"उद्या रंग घेऊन येतो," तो म्हणाला. "तुझ्या बाबांची समजूत मी घालीन. हे नाव पुसूनच टाकू."

"खबरदार हात लावलास तर!"

"का? गाडी रुसेल?"

लास्मा सीटवर बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे कान पुन्हा लाल झालेले त्याला दिसले.

"राहू दे ते," ती म्हणाली. "आता परत लिहायचे कष्ट कशाला घ्यायचे?"

तोगार साइडकारमध्ये येऊन बसला. तिनं किक मारली. मळ्याच्या फाटकाशी रस्ता डावीकडे सियांतारला उतरत होता. तिनं हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. हॉर्न गप्प राहिला. मग वळण संपल्यावर, समोर माणूस नाही, गुरं नाहीत, काही नाही, तरी तिनं अंगठा टेकवला आणि उतार संपेपर्यंत तो उचलला नाही.